आगीच्या घोड्याचं वर्ष

शकुन-अपशकुनाचा विषय निघाला की गप्पा लगेच मांजरापाशी जातात. मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली, निघताना कुणी शिंकलं, नाहीतर "कुठे निघालात?" असं कुणी विचारलं... मग परदेशवारी केलेलं कुणीतरी सांगतं की तिकडे १३ हा आकडा वाईट. इटलीत १३ पेक्षा १७ वाईट. का, तर रोमन पद्धतीने लिहिलेल्या १७ ची अक्षरं इकडची तिकडे केली की 'मी जगलो', म्हणजेच 'माझं आटोपलं', अशा अर्थाचा लॅटिन शब्द तयार होतो! स्पेन आणि ग्रीसमध्ये शुक्रवार बिचारा निर्दोष, तिथे १३ तारखेला आलेला मंगळवार वाईट. चीन-जपानमध्ये ४ वाईट, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. घुबड आपल्याकडे अभद्र, पण जपानात त्याच्या नावातून 'कष्ट नाहीत' असा अर्थ निघतो म्हणून लोक घुबडाच्या छोट्या मूर्ती हौसेने भेट देतात.

हे सगळं ऐकायला मजा येते आणि त्यात कुणाचं फारसं बिघडतही नाही. हॉटेलात तेरावा मजला नसला तर नसला, चौदाव्याला तेवढी बढती मिळाली म्हणायचं. पण जपानच्या इतिहासातलं एक प्रकरण वाचलं तेव्हापासून मला ही यादी नुसती मजेची वाटत नाही. ते प्रकरण आज सांगायचं आहे. लेख थोडा लांबणार आहे, पण माझ्या लेखांची सवय असलेल्यांना ते नवीन नाही.

शाळेत असताना मी मुलांना नेहमी सांगायची की इतिहास समजून घ्यायचा असेल तर राजांच्या वंशावळीबरोबर जनगणनेचे तक्तेही बघा. जपानमध्ये दर वर्षी किती मुलं जन्मली याचा आलेख काढला तर १९६६ या एका वर्षी एकदम खड्डा दिसतो. १९६५ साली तिथे १८ लाख २३ हजार ६९७ मुलं जन्मली. १९६६ साली १३ लाख ६० हजार ९७४. आणि १९६७ साली लगेच १९ लाख ३५ हजार ६४७. म्हणजे एका वर्षात चार लाख साठ हजारांहून जास्त जन्म कमी झाले, चारातला एक. पुढच्याच वर्षी आकडा पुन्हा वर, आधीपेक्षाही वर.

त्या वर्षी जपानात युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. उलट भरभराट होती. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, त्याच वर्षी तोक्यो-ओसाका अतिवेगवान रेल्वे सुरू झाली होती. झालं होतं ते एवढंच, की १९६६ हे साल पंचांगाप्रमाणे 'हिनोए-उमा' होतं. म्हणजे आगीच्या घोड्याचं वर्ष. आणि या वर्षी जन्मलेली मुलगी हट्टी, तापट निघते, नवऱ्याचं आयुष्य कमी करते, अशी तिथली जुनी समजूत.

हे पंचांग कसं चालतं ते थोडं सांगते, कारण ते आपल्याला परकं वाटू नये. आपल्याकडे पाडव्याला नव्या संवत्सराचं नाव वाचतात. प्रभवपासून क्षयपर्यंत साठ नावं, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. चीनमध्येही साठांचंच चक्र, आणि ते जपान-कोरियाने घेतलं. त्यांची मांडणी मात्र वेगळी. एका बाजूला बारा प्राणी: उंदीर, बैल, वाघ, ससा असे. दुसऱ्या बाजूला पाच तत्त्वं: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. प्रत्येक तत्त्वाची दोन रूपं, म्हणजे दहा. दहाचं आणि बाराचं चाक एकत्र फिरवलं की तीच जोडी पुन्हा यायला साठ वर्षं लागतात. लघुत्तम साधारण विभाज्य! (गणिताच्या सरांची आठवण झाली.) या साठांत त्रेचाळिसावी जोडी अग्नी आणि घोडा यांची. घोडा हा प्राणी मुळातच अग्नितत्त्वाचा मानतात, त्यात वर्षही अग्नीचं. आगीत आग. म्हणून चीनमध्ये हे वर्ष राज्यावर संकट आणणारं मानत. तिथे धास्ती होती ती राजांना आणि दरबाराला. समजूत जपानात आली आणि तिचं ओझं राजाच्या डोक्यावरून उतरून मुलींच्या डोक्यावर गेलं. हे कसं झालं याचा नीट धागा सापडत नाही, पण एक गोष्ट मात्र सगळे सांगतात, ती ओशिचीची.

ओशिची ही एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, एका भाजीवाल्याची मुलगी. १६८२-८३ च्या हिवाळ्यात एदोत मोठी आग लागली. लाकडाची घरं, ती भराभर जळाली. ओशिचीचं कुटुंब एका देवळाच्या आश्रयाला गेलं. तिथे तिचं एका तरुण सेवकावर मन बसलं. घर पुन्हा उभं राहिलं, कुटुंब परत गेलं, आणि भेट बंद झाली. पोरीच्या मनात आलं, पुन्हा आग लागली तर पुन्हा देवळात जायला मिळेल. तिने आग लावायचा प्रयत्न केला, पकडली गेली. आगलाव्याला जाळून मारायचं असा त्या काळचा कायदा. १६८३ साली सुझुगामोरी इथे तिला जाळण्यात आलं. वय सोळाच्या आसपास. आपल्या हिशेबाने दहावीतली मुलगी.

तीनच वर्षांनी, १६८६ साली, इहारा साइकाकू या प्रसिद्ध लेखकाने आपल्या पुस्तकात तिची कथा घातली. पुढे बाहुल्यांच्या नाटकात आणि काबुकीत ती इतकी गाजली की आजही होते. १६६६ हे आगीच्या घोड्याचं वर्ष होतं, आणि ओशिची त्याच वर्षी जन्मलेली, असं नाटकांमधून लोकांच्या मनात बसलं. ती खरंच त्या वर्षी जन्मली होती याला भरवशाचा पुरावा नाही. सोळा वर्षांची होती ही परंपरा धरली आणि जपानी पद्धतीने वय मोजलं (जन्मतःच एक वर्ष धरून), तर जन्म १६६८ चा येतो. म्हणजे आधी मुलगी जळाली, मग तिला शोभेल असं जन्मसाल नाटकवाल्यांनी शोधून दिलं, आणि मग त्या सालात जन्मलेल्या सगळ्या मुलींना तिचा दाखला लावण्यात आला. पुराव्याचा असा उलटा प्रवास इतिहासात पुष्कळदा दिसतो.

त्यानंतर दर साठ वर्षांनी ते वर्ष येत राहिलं. १७२६, १७८६, १८४६. विसाव्या शतकातलं पहिलं १९०६. तोपर्यंत जपानात जन्मनोंदणी सुरू झाली होती, म्हणून १९०६ चे आकडे मिळतात. त्या वर्षी जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी. पण त्याहून बोलकी गोष्ट दुसरीच. त्या वर्षी नोंदलेल्या मुलींची संख्या मुलग्यांच्या मानाने संशय यावा इतकी कमी आहे, आणि १९०५ व १९०७ साली ती उलट जास्त आहे. याचा अर्थ उघड आहे. जानेवारी-फेब्रुवारीत झालेली मुलगी मागच्या वर्षात ढकलली, नोव्हेंबर-डिसेंबरातली पुढच्या वर्षात. कागदावर मुलीचं साल बदललं की झालं.

हे वाचताना मला हसू आलं, कारण कागदावरच्या जन्मतारखांशी माझा आयुष्यभराचा संबंध. आमच्या पिढीतल्या आणि आधीच्या पिढीतल्या किती लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो ते बघा! मूल जूनमध्ये शाळेत यायचं, आईबापांना तारीख माहीत नसायची, गुरुजी वय अंदाजाने बघून १ जून टाकायचे. पण आपल्याकडे ती तारीख सोयीसाठी होती. जपानातल्या बापाला तारीख पक्की माहीत होती आणि ती लपवण्यासाठी तो कचेरीत गेला होता. आपल्या मुलीला कुणी दोष देऊ नये एवढ्यासाठी. खोटं लिहिणं चूकच, पण त्या बापाचा राग येत नाही.

ज्यांचे बाप असे धूर्त नव्हते त्या मुली १९२४-२५ च्या सुमारास लग्नाच्या वयाच्या झाल्या. स्थळं येईनात. साल कळलं की बोलणी थांबायची. लग्न ठरत नाही म्हणून त्या सालातल्या मुलींनी जीव दिल्याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. आता यात लक्षात घेण्यासारखं असं की या मुली दुर्दैवी ठरल्याच की! भविष्य खरं झालं. पण ते घोड्यामुळे नव्हे, घोड्याला भिणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे. १९६५-६६ साली ज्या जोडप्यांनी मूल पुढे ढकललं त्यांच्यासमोर ही १९०६ ची उदाहरणं होती. तेव्हा साठीला आलेल्या, ओळखीच्या, नात्यातल्या बायका. मासिकांतून हा विषय वर्षभर आधीपासून चघळला जात होता. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी उलट प्रचारही केला, गुन्मा प्रांतातल्या एका खेड्याने तर ही समजूत गावातून हद्दपार केल्याचं जाहीर केलं. पण आईबापांच्या मनातलं बोलणं असं असणार: आमचा नाही हो विश्वास, पण उद्या हिचं लग्न करायचंय, समोरचे मानत असले तर?

या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे.

त्याच १९६६ साली मी पंधरा वर्षांची होते आणि आमच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. ताईला मंगळ होता. नातेवाईक मंडळी हे वाचतातच, त्यांना हा सगळा प्रकार पाठ आहे, पण इतरांसाठी सांगते. आमचे वडील देवभोळे नव्हते. पत्रिका त्यांनी काढली ती केवळ समोरचे मागतात म्हणून. ताई दिसायला चांगली, मॅट्रिक पास, टायपिंग शिकलेली. बघायला यायचे, कांदेपोहे व्हायचे, निघताना "कळवतो" म्हणायचे, आणि आठवड्याने पोस्टकार्ड यायचं: 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.' एका घरच्या आजोबांनी वडिलांना बाजूला घेऊन प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मास्तर, मी यातलं काही मानत नाही. पण मुलाची आत्या मानते." प्रत्येक घरात कुणीतरी अशी आत्या असायचीच. मानणारं माणूस नेहमी दुसरंच, समोर कधी न आलेलं.

मला तेव्हापासून या मंगळाचं गणित करायची खोड लागली. पत्रिकेत बारा स्थानं. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या अशा पाचांपैकी कुठेही मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच म्हणजे शंभरातले एक्केचाळीस-बेचाळीस लोक. निम्म्याला थोडे कमी! इतक्या जणांवर वैधव्य किंवा विधुरपण लिहिलेलं असतं तर एकही लग्नघर टिकलं नसतं. म्हणून मग अपवाद निघाले, अमुक राशीत असला तर दोष नाही, तमुक ग्रहाची दृष्टी असली तर नाही. अपवाद कुणाला लावायचा आणि कुणाला नाही हे ज्याच्या त्याच्या गरजेवर. मुलगी पसंत असली, देणंघेणं ठीक असलं, की अपवाद सापडतो.

नक्षत्रांचं तर त्याहून गमतीदार. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषावरची सासूला, ज्येष्ठावरची थोरल्या दिराला, विशाखावरची धाकट्या दिराला. सगळ्या सासरच्या मंडळींची सोय लावलेली आहे. सुनेला वाईट असलेला सासू-सासऱ्यांचा जन्म कुठल्या नक्षत्रावर असतो, हे मात्र मी कुठल्या पंचांगात वाचलेलं नाही. पायगुण हा शब्दही बघा. घरात नवी सून आली आणि त्या वर्षी म्हैस मेली, तर सून पांढऱ्या पायाची. जावई आल्यावर म्हैस मेली तर म्हैस म्हातारी होती.

ताईचं लग्न १९७५ साली तिसाव्या वर्षी झालं. दाजींनी पत्रिका मागितलीच नाही. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि रोज सकाळी टेकडी चढून येतात. पण १९६६ ते १९७५ ही नऊ वर्षं ताईने कशी काढली ते मी एकाच खोलीत राहून पाहिलेलं आहे. लग्न चांगलं झालं म्हणून ती वर्षं परत मिळाली नाहीत.

असो. पुन्हा जपानकडे वळते, कारण मला सांगायची मुख्य गोष्ट अजून राहिली आहे.

आपण समजतो की अशा समजुती अडाणी लोकांच्या, शिक्षण आलं, वीज आली, रस्ता आला की त्या आपोआप कमी होतात. मीही वर्गात असंच शिकवत आले, पाठ्यपुस्तकात तसंच असायचं. पण जपानचे दोन आकडे शेजारी ठेवा. १९०६ साली, जेव्हा खेडी जुन्या वळणाची होती, तेव्हा घट ४ टक्के. १९६६ साली, सगळा देश शिकलेला, घरोघरी टीव्ही, तेव्हा घट २५ टक्के. माणसं साठ वर्षांत सहापट अंधश्रद्ध झाली काय? तसं नाही. १९०६ साली भीती होती पण हातात फारसा उपाय नव्हता, मूल व्हायचं तेव्हा व्हायचं. १९६६ पर्यंत संततिनियमनाची साधनं घरोघरी पोचली होती आणि १९४८ च्या कायद्याने गर्भपातही करता येत होता. शिवाय एव्हाना कुटुंबात दोनच मुलं हवी होती, मग त्यांतलं एक वर्षभर अलीकडे-पलीकडे करणं सहज जमण्यासारखं होतं. भीती तीच, कदाचित थोडी कमीच झालेली, पण तिच्या हातात आता हत्यार आलं होतं.

तरी १९६६ साली एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी होती. पोटात मुलगा आहे की मुलगी हे कुणालाच कळत नव्हतं. त्यामुळे भीती मुलींची असली तरी जे जन्म टळले त्यांत निम्मे मुलगे होते. (जन्मल्यानंतर काही मुलींच्या बाबतीत काय झालं असेल, हा प्रश्न एका जपानी संशोधकाने १९७५ साली आकडे तपासून जाहीरपणे विचारला होता. त्याच्या तपशिलात मी आज जात नाही, मला ते लिहवत नाही.)

आता शेजारच्या दक्षिण कोरियात चला. ही समजूत तिथे जपानी राजवटीच्या काळात, म्हणजे १९१० ते १९४५ च्या दरम्यान पोचली असं मानतात. कोरियात भीती विशेषतः पांढऱ्या घोड्याच्या वर्षाची, म्हणजे धातू आणि घोडा यांच्या जोडीची. या वर्षातली मुलगी हेकट निघते म्हणे. (आपल्याकडे पांढरे पाय, तिकडे पांढरा घोडा.) असं वर्ष आलं १९९० साली. तोवर सोनोग्राफीची यंत्रं दवाखान्यांत आली होती. निसर्गतः १०० मुलींमागे १०५-१०६ मुलगे जन्मतात. १९९० साली कोरियात ते ११६.५ झाले. देगू शहर आणि त्याच्या आसपासच्या प्रांतात १३० च्या घरात. तिसऱ्या-चौथ्या अपत्यात याहूनही किती तरी जास्त. एकट्या घोड्याचा हा प्रताप नव्हे हे खरं, मुलग्याचा हव्यास आधीपासून होताच आणि १९९० च्या पुढेमागेही प्रमाण बिघडलेलंच होतं. पण सर्वात वाईट आकडा लागला तो याच वर्षी. गर्भाचं लिंग सांगायला डॉक्टरांना कायद्याने बंदी होती, १९८७ सालापासून. तरीही.

म्हणजे १९०६, १९६६, १९९० अशी एक रांग लागते. पहिल्या खेपेला बापाने मुलीची तारीख बदलली. दुसऱ्या खेपेला मूलच पुढे ढकललं. तिसऱ्या खेपेला यंत्राने दाखवलेली मुलगी तेवढी वगळली. समजूत जुनीच राहिली, नेम मात्र सुधारत गेला.

कोरियाची पुढची हकिकत बरी आहे हेही सांगायला हवं. २००७ पर्यंत तिथलं प्रमाण निसर्गाच्या जवळ आलं, आणि २०२४ साली तिथल्या घटनापीठाने लिंग सांगण्यावरचे उरलेले निर्बंधही काढून टाकले, आता त्यांची गरज नाही म्हणून. यावर मी दोन-तीन दिवस विचार करत होते. आपल्याकडे असं म्हणता येईल असा दिवस मला दिसेलसं वाटत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ चा. आणि २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. २००१ साली कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. ऊस, साखर कारखाने, दूध संघ, कॉलेजं, घरोघरी मोटारसायकल, असा हा जिल्हा. मागास म्हणून बाजूला सारता येण्यासारखा नाही. २०११ साली बीडमध्ये ८०७.

जपानात त्या १९६६ साली जन्मलेल्या मुलींचं काय झालं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. शाळेत त्यांचे वर्ग लहान राहिले, प्रवेशपरीक्षांना गर्दी कमी. चाळीस वर्षं साठ-साठ मुलांचे वर्ग घेतलेल्या मला त्यांच्या शिक्षकांचा हेवाच वाटला! आणि त्या मुलींतलीच एक, किको नावाची, एका प्राध्यापकाची मुलगी, ११ सप्टेंबर १९६६ ची. तिचं लग्न १९९० च्या जूनमध्ये जपानच्या सम्राटाच्या धाकट्या मुलाशी, राजपुत्र अकिशिनोशी झालं. राजघराण्यात १९६५ नंतर, म्हणजे अकिशिनो यांच्या स्वतःच्या जन्मानंतर, मुलगाच झालेला नव्हता आणि गादीला वारस कोण, यावर संसदेत कायदा बदलायची भाषा चालली होती. २००६ साली या किकोलाच मुलगा झाला, हिसाहितो. एक्केचाळीस वर्षांनी. पायगुणाच्या हिशेबाने बघायचं तर हिच्याइतका चांगला पायगुण कुणाचाच नाही. पण तो हिशेब नकोच. तिला आधीच्या दोन मुली आहेत, आणि मुलगा झाला म्हणून तिचं साल धुऊन निघालं असं म्हणणं म्हणजे पुन्हा तोच हिशेब.

गंमत अशी की किकोचं लग्न झालं त्याच जून १९९० मध्ये जपानात आणखी एका आकड्याने खळबळ उडवली. १९८९ सालचा जननदर जाहीर झाला, १.५७. आगीच्या घोड्याच्या वर्षात तो १.५८ होता. कुठलाही घोडा नसताना लोक त्याहून कमी मुलं होऊ देऊ लागले होते! तिथे त्याला '१.५७ चा धक्का' असंच म्हणतात. २०२४ साली तिथे ६ लाख ८६ हजार ६१ मुलं जन्मली. १९६६ च्या ज्या वर्षाने सगळे हादरले होते त्याच्या निम्मी. साठ वर्षांचं चक्र पुरं होऊन आगीचा घोडा परत येतो तो २०२६ साली, आणि आता त्याला पळवायला तिथे मुलंच उरलेली नाहीत. लोक उशिरा लग्नं करतात, किंवा करत नाहीत. घरं महाग, नोकऱ्या थकवणाऱ्या. घोड्याचं भय त्यापुढे किरकोळ.

आपल्या सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट सांगून थांबते. मी नोकरीची बरीच वर्षं याच जिल्ह्यात काढली. इकडे एक-दोन मुलींवर पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायची पद्धत होती. नकुशी, नकोशी, नकुसा. हे नाव ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. शकुनच हा, फक्त शकुनाचं साधन एक जिवंत मूल. हजेरी घेताना ते नाव रोज मोठ्याने उच्चारायचं आणि तिने उभं राहून "हजर बाई" म्हणायचं. मी अशा मुलींना आडनावाने हाक मारायची. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेने अशा मुली शोधून काढल्या आणि साताऱ्यात समारंभ करून पावणेतीनशेहून जास्त मुलींना नवीन नावं दिली. कुणी सिनेनट्यांची नावं घेतली, कुणी देवीची. मी तोवर निवृत्त झाले होते, बातमी पेपरात वाचली.

त्याआधीच्या नकुशांची सुटका लग्नात व्हायची. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात ना, तेव्हा. एरवी बाईचं माहेरचं नाव पुसणारी ही रीत मला कधी पटली नाही, पण या मुलींना ती फळली. माझी एक विद्यार्थिनी अशीच पुढे आपल्या मुलीचं नाव घालायला आमच्याच शाळेत आली. अर्जावर आता आईचं नाव लिहायचा रकाना असतो. ती पेन हातात धरून थांबली. "बाई, ताटातलं लिहू का दाखल्यावरचं?" मी म्हटलं, तुला हवं ते लिही. तिने सासरचं नाव लिहिलं. कारकुनाने दाखला बघून सांगितलं, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, तहसील कचेरीतून करून आणा. दुसऱ्या दिवशी ती एस.टी. पकडून जाऊन घेऊन आली.